धुकं उतरायच्या आत: ग्वाल्हेरच्या थंडीत घर आणि दुकान कसं सांभाळावं

डिसेंबरातली दुपार. थाटीपूर असो की जिवाजीगंज, अशा वेळी ग्वाल्हेरातलं सगळं घर गच्चीवर असतं. आजी उन्हाकडे पाठ करून मटार सोलतायत, सूनबाई केस वाळवतायत, पोरं अभ्यासाच्या नावाखाली गजक संपवतायत. खाली रस्त्याकडचं दार नुसतं लोटलेलं. साडेचारला ऊन सरकलं की चटया गुंडाळून सगळे खाली उतरतात आणि जिन्याच्या दाराची कडी लावायची राहते. जो तो समजतो, मागून येणारा लावेल.

माझं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, लोहिया बाजाराजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. कुलपं, कड्या, बिजागऱ्या विकण्यात तीस वर्षं गेली. चोरी झाल्यावर कुलूप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मला लांबूनच कळतं: ते भाव करत नाही. अशी गिऱ्हाइकं दिवाळी ते होळीच्या मधल्या काळात जास्त येतात, हा माझा गल्ल्यावरचा अनुभव. पुढे जे लिहितोय ते त्यांच्या हकिकती ऐकून, त्यांच्या दारांची मापं घेऊन आणि एकदा स्वतः फटका खाऊन जमलेलं आहे.

थंडीत नेमकं बदलतं काय? डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाचला मावळतो, म्हणजे रात्र साडेतेरा तासांची. उन्हाळ्यात अकरा वाजेपर्यंत ओट्यावर गप्पा चालतात. थंडीत नऊलाच गल्ली चिडीचूप. खिडक्या बंद, अंगावर रजई, कानाला मफलर. गल्लीतली कुत्रीसुद्धा कुठल्या तरी विझत्या शेकोटीच्या राखेत मुटकुळं करून पडलेली. वर धुकं असलं की समोरच्या घराचं दार दिसत नाही. आणि माकडटोपी घालून, शाल गुंडाळून कोणी फिरत असेल तर त्यात वावगं काय? सगळेच तसे फिरतात.

फोडता येत नाही असं कुलूप मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी विचारतो: फोडायला किती मिनिटं लागतील, आणि तेवढ्या मिनिटांत आवाज कोणाच्या कानावर पडेल? थंडीत ऐकणारे कान कमी होतात, म्हणून मिनिटं वाढवावी लागतात. खालची सगळी कामं या हिशेबाने करायची आहेत.

पहिलं काम: चोराच्या नजरेने एक फेरी

खर्च शून्य. संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडा, मोबाइलचा टॉर्च घ्या आणि आपल्याच घराभोवती एक चक्कर मारा. मागच्या बोळातूनही जा, जिथे एरवी फक्त सफाईवाला जातो. किल्ली हरवली आहे आणि आत शिरायचंच आहे असं धरून बघा. पाय कुठे ठेवता येईल? पाण्याचा पाइप, शेजाऱ्याची शिडी, दगडी छज्जा, भिंतीला टेकवलेली जुनी पलंगाची चौकट. अंधार कुठे आहे? आतला टीव्ही, कपाट, देवघरातली चांदी बाहेरून कुठून दिसते? सगळं कागदावर लिहा.

हीच फेरी सकाळी सहाला पुन्हा मारा. रात्री दिवा असलेली जागा पहाटे अंधारी असू शकते, कारण कोणीतरी पाचला उठून दिवा घालवलेला असतो.

दुसरं: जिन्याचं दार

लष्करच्या जुन्या मोहल्ल्यांत गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या आहेत. एका टोकाच्या गच्चीवर चढलेला माणूस रस्त्यावर पाय न ठेवता चार घरं ओलांडतो. म्हणजे तुमचं गच्चीचं दार चारही घरांइतकंच पक्कं, आणि त्यातलं सर्वात कच्चं घर कोणाचं हे तुम्हाला ठाऊक नसतं. तरी लोक पुढच्या दाराला सागवान लावतात आणि गच्चीवर पत्र्याचं किंवा प्लायचं दार बसवतात. पावसाने त्याचा खालचा वीतभर भाग कुजलेला असतो. बोटाने दाबून बघा, बोट आत गेलं तर दार बदला.

गच्चीची दारं बहुधा बाहेर उघडतात. मग बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेरच्या बाजूला येतात. खिळी ठोकून वर काढली की कडी-कुलूप जागच्या जागी राहतं आणि दार दुसऱ्या बाजूने निघून येतं. वेल्डिंगवाल्याकडून खिळीच्या टोकावर एक ठिपका मारून घेतला की हा रस्ता बंद. दहा मिनिटांचं काम, पण मी सांगेपर्यंत बहुतेकांच्या ध्यानीमनी नसतं. आतून दोन कड्या ठेवा, एक वर, एक खाली. एकच मधली कडी असली की दाराचा खालचा कोपरा पहारेने वाकवता येतो.

आणि रोजची शिस्त: कडी लावायचं काम एकाच माणसाचं. आमच्या घरी ते आईकडे आहे. ती रात्री देवापाशी दिवा लावते आणि तिथूनच हाक मारते, "वरचं बघितलं का रे?" मी बघितलेलं असलं तरी पुन्हा जातो.

तिसरं: कूलरचं भोक

या शहराची ही खास अडचण आहे. ग्वाल्हेरचा उन्हाळा असा की घरटी एक तरी मोठा कूलर खिडकीत बसवलेला. त्यासाठी खिडकीची जाळी कापलेली असते, अडीच फूट बाय अडीच फूट. दिवाळीच्या आसपास कूलर आत ओढतात, टाकी पुसतात, खसच्या ताट्या फेकतात, आणि त्या भोकावर काय लावतात? प्लाय. जुना पुठ्ठा. एका घरी मी कॅरमबोर्ड पाहिला. बाहेर कूलरचं लोखंडी स्टँड तसंच भिंतीला खिळलेलं. चोरासाठी पायरी आणि दार, दोन्ही तयार.

उपाय असा. भोकाच्या मापाची एक वेगळी जाळी करून घ्या, बारा मिलिमीटरच्या चौकोनी सळईची, दोन सळयांत चार-साडेचार इंचांहून जास्त अंतर नको. ती खिडकीच्या चौकटीत आतल्या बाजूने नटबोल्टने बसवा. नट आत, बोल्टचं गुळगुळीत गोल डोकं बाहेर. एप्रिलमध्ये पाना लावून काढायची, नोव्हेंबरात पुन्हा लावायची. कूलर काढायचा नसेल, नुसता झाकून ठेवायचा असेल, तर तो मागून ढकलून बघा. आत सरकला तर माणूसही आत येईल. स्टँड शक्य असेल तर उतरवाच.

एग्झॉस्ट फॅनचं, एसीच्या पाइपाचं, न्हाणीघराच्या रोशनदानाचं भोकही याच वेळी बघून घ्या. एक फूट बाय एक फुटाच्या जागेतून सडपातळ पोरगा येतो. हे मला कसं कळलं ते पुढे सांगतो.

चौथं: पुढचं दार

पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार चौकटीला घासतं, आपण सुताराला बोलावून रंधा मारून घेतो. पाऊस सरला की लाकूड आक्रसतं आणि तिथे फट पडते. दार बंद करून फटीत पट्टी घाला. नाइट लॅचची जीभ समोरच्या पत्रीत अर्धा इंचसुद्धा शिरत नसेल, तर स्क्रू-ड्रायव्हरने ती मागे सारणं हे पोरखेळ आहे. पत्री पुढे सरकवून घ्या, किंवा दोनदा किल्ली फिरवल्यावर जीभ इंचभर बाहेर येते असं कुलूप लावा.

स्क्रूंकडे कोणी बघत नाही. चौकटीला कोयंडा पाऊण इंची स्क्रूने मारलेला असतो आणि एका लाथेत सुटतो. तीन इंची स्क्रू वापरा, म्हणजे चौकट ओलांडून ते भिंतीत जातील. भिंत दगडी असेल तर आधी भोक पाडून गट्टी बसवा. कुलूप अलीगडचं घ्या की आणखी कुठलं, कोयंडा उपटला तर ते अख्खंच्या अख्खं जमिनीवर पडलेलं सापडेल.

आता खोबरेल. आपल्या घरात अडल्या-नडल्याला खोबरेल, म्हणून कुलपातही तेच. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं. जानेवारीत इथला रात्रीचा पारा तीन-चारवर येतो. किल्ली अडकते, लोक जोर लावतात, किल्ली मोडते, मग रात्री कुलूप न लावता नुसती कडी. कुलपात तेल घालूच नका, त्यावर धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची पूड मिळते. ती नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासा, किल्ली चार वेळा आतबाहेर करा. तेही ग्रॅफाइटच.

पाचवं: उजेड

सगळीकडे रात्रभर उजेड असलाच पाहिजे असं मी मानत नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे कोणी बघत नाही. अचानक लागणाऱ्या दिव्याकडे मात्र मान वळते. रस्त्याकडे साधा एलईडी रात्रभर ठेवा. मागच्या बोळात आणि जिन्याच्या तोंडाशी हालचालीवर लागणारा ठेवा.

हे सेन्सर अंगाची उष्णता हेरतात. त्यांच्या समोर शेगडी, गिझरचं धुराडं किंवा गाडीचं गरम बॉनेट आलं तर दिवा उगाच लागत राहतो, आणि दोन दिवसांत कोणीतरी कंटाळून बटणच बंद करतं. तोंड थोडं खाली आणि आडवं ठेवा, म्हणजे माणूस समोरून येण्याऐवजी आडवा जाईल. तसं ते लवकर ओळखतात.

टायमरवर दिवे असतील तर वेळ आज बदला. जूनमध्ये सव्वासातला लावलेला टायमर डिसेंबरात घराला पावणेदोन तास अंधारात ठेवतो.

सहावं: धुक्यात आंधळे होणारे कॅमेरे

माझी स्वतःची गोष्ट इथेच येते. काही वर्षांपूर्वी, जानेवारीच्या एका दाट धुक्याच्या रात्री, माझ्या दुकानाच्या मागच्या एग्झॉस्टच्या भोकातून कोणीतरी आत शिरलं. पितळी नळांची दोन खोकी आणि गल्ल्यातली चिल्लर गेली. कॅमेरा चालू होता. रेकॉर्डिंग काढलं तर चार तास पडद्यावर दुधासारखा पांढरा पडदा, मधूनच कोळ्याचं एक जाळं हललेलं. कॅमेरा बसवणाऱ्याने पासवर्डही कंपनीचाच ठेवला होता, हे नंतर कळलं.

कारण साधं आहे. रात्री कॅमेरा आपल्याच अंगच्या इन्फ्रारेड दिव्यांनी बघतो. धुक्यातले थेंब तो उजेड परत लेन्सवर फेकतात. गाडीचा अप्पर लावल्यावर धुक्यात जसं आणखीच दिसेनासं होतं, तसंच. खोक्यावर "तीस मीटर नाइट व्हिजन" लिहिलेलं असतं ते कोरड्या, स्वच्छ रात्रीचं. म्हणून दिवा कॅमेऱ्यापासून वेगळा, चार-पाच फूट बाजूला आणि थोडा खाली लावा, आणि पहाऱ्याची जागा जवळ आणा. गेटवरून रस्त्याचं टोक बघायचा हट्ट सोडा. दाराच्या उंबऱ्यावर उभा असलेला माणूस नीट दिसला तरी पुष्कळ.

मापाचं गणित माहीत असावं. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला २.८ मिलिमीटरची लेन्स असेल तर अनोळखी चेहरा ओळखण्याजोगा तो साधारण ३ मीटरपर्यंतच देतो. ६ मिलिमीटरची लेन्स बाजूचं कमी दाखवते, पण ७-८ मीटरपर्यंत चेहरा पकडते. उंची अडीच ते तीन मीटर. त्याहून वर लावलात तर टोप्यांचं प्रदर्शन दिसेल, आणि थंडीत टोप्या सगळ्यांच्याच डोक्यावर. चेहरा झाकलेला असणारच, म्हणून एक कॅमेरा असा ठेवा की चाल, चपला आणि गाडीचा नंबर मिळेल.

किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं? जुन्या पद्धतीने साठवणारा एक दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो. असे चार कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क म्हणजे पाच-सहा दिवस. तुम्ही दहा दिवसांनी पुण्याहून परत आलात तर पहिल्या रात्रीचं काहीच शिल्लक नसेल. सेटिंगमध्ये एच-२६५ हा साठवण्याचा नवा प्रकार असेल तर तो निवडा, जागा जवळजवळ निम्मी लागते.

आणखी काही. घुमटाच्या आकाराच्या कॅमेऱ्यात आतून दंव धरतं, उघड्यावर सरळ नळीचा बरा. वायरचे जोड हवेत लोंबकळत ठेवू नका, डबीत घाला. डबीत शिरण्याआधी वायरला खाली एक झोका द्या, म्हणजे दवाचं पाणी तिथूनच टपकेल. दर रविवारी कोरड्या मऊ फडक्याने काच पुसा आणि जाळी काढा. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, गल्ल्याखाली ठेवू नका. चोर तो आधी उचलतो. पासवर्ड आजच बदला. इन्व्हर्टरची बॅटरी थंडीत कमी चालते, म्हणून लाइट घालवून बघा की राउटर आणि डीव्हीआर किती वेळ तग धरतात.

कॅमेऱ्यांचं मी इतकं सांगितलं तरी माझं मत विचाराल तर पैसे कमी असतील तर आधी भोंगा. दाराला आणि शटरला चुंबकाचे सेन्सर आणि बाहेरच्या भिंतीवर एक कर्कश भोंगा. कॅमेरा झालेलं दाखवतो, भोंगा गल्लीला रजईतून उठवतो.

सातवं: दुकानाचं शटर

सराफा, दाल बाजार, टोपी बाजार इथली दुकानं नवापर्यंत बंद होतात आणि मग महाराज बाडा चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत रात्रभर माणूस नसतो. शटरची दोन्ही बाजूंची कुलपं आपण नीट लावतो. पण दहा फुटी शटर फुटतं मध्ये. खाली गाडीचा जॅक घालून वर उचललं की पट्ट्या कमानीसारख्या वाकतात आणि माणूस सरपटत आत जातो; बाजूची कुलपं जिथल्या तिथे. म्हणून मधलं कुलूप हवंच, आणि त्याची कांब जमिनीतल्या भोकात पूर्ण उतरायला हवी. ते भोक आज काडी घालून मोजा. झाडताना त्यात माती भरत राहते, कांब अर्ध्यावर अडते, वरून किल्ली फिरते आणि आपल्याला वाटतं लागलं. माझ्या दोन दारं पलीकडच्या दुकानातून मी मूठभर माती, एक गजकचा कागद आणि एक रुपयाचं नाणं काढलं होतं.

बाजूच्या पन्हळीतलं ग्रीस वर्षानुवर्षांचं असतं आणि थंडीत डिंकासारखं होतं. शटर शेवटची दोन बोटं खाली येत नाही, पोऱ्या पायाने दाबतो, कुलूप वाकडं लागतं. रॉकेलच्या फडक्याने जुनं काढा, नवीन पातळ थर द्या.

जागा असेल तर शटरच्या आत चॅनल गेट लावा. शटर उचकटून आत आलेल्याला दुसऱ्या कुलपासमोर पुन्हा बसावं लागतं, तेही आवाज करत. मागची भिंत रिकाम्या प्लॉटला लागून असेल तर तिकडे लोखंडी रॅक उभे करा. गल्ला रात्री रिकामा आणि उघडा ठेवा. बंद गल्ला फोडण्यात ड्रॉवरचंच जास्त नुकसान होतं.

दुकान वाढवताना शेवटचा माणूस एकटा नसावा. शटर ओढायला वाकलेला, किल्ल्या हातात, रोकड पिशवीत, पाठ रस्त्याकडे: रोजच्या चोवीस तासांत सर्वात उघडा पडण्याचा क्षण हाच.

आठवं: चौकीदार आणि त्याची शेगडी

मोहल्ल्याचा चौकीदार रात्री शिट्टी वाजवत, दांडा आपटत फिरतो. शिट्टी आपल्याला धीर देते आणि चोरालाही कळवते की चौकीदार आता कुठे आहे. त्याला सांगा, फेरी रोज एकाच दिशेने नको. कधी मध्येच उलटा फीर, पाच मिनिटं कोपऱ्यावर गप्प उभा राहा. वर्गणी काढताना त्याच्या अंगाचाही विचार करा: चांगली जर्सी, पायात बूट, थर्मासभर चहा, चार्ज होणारा टॉर्च. कुडकुडणारा माणूस फेरी मारत नाही, तो शेकोटीपाशी बसतो. नेमताना ओळखपत्राची प्रत घ्या आणि ठाण्यात पडताळणीला द्या. घरकामाला येणारे आणि भाडेकरू यांचंही तसंच.

आता जे सांगतो ते चोरीपेक्षा मोठं आहे. बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेऊन झोपणं जिवावर बेततं. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस उठतच नाही. शेगडी बाहेरच. केबिनमध्ये हवेसाठी वर आणि खाली फट ठेवा. बाजेखाली शेगडी ठेवून झोपणारी वडीलधारी मंडळी घरोघरी असतात. तिथेही हाच नियम, मग "आमचं आयुष्य गेलं यात" हे ऐकावं लागलं तरी चालेल. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरलाही तोच धोका आहे. कोणाला चक्कर आली तर आधी उघड्या हवेत आणा, मग १०८ लावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६.

रूम हीटर २००० वॅटचा असेल तर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. त्याला जाड पिनचा सोळा अँपिअरचा सॉकेटच हवा. सहा अँपिअरच्या एक्स्टेन्शनवर हीटर, मोबाइल आणि इस्त्री लावली की वायर गरम होते. हात लावून बघा. कोमट लागली तरी काढा. दुकानात काउंटरखाली हीटर ठेवून, वर खोक्यांची चवड रचून, मालक चालू हीटर तसाच सोडून घरी गेलेला मी पाहिला आहे. शटर ओढण्याआधी मेन स्विच पाडायची सवय लावा. फक्त कॅमेऱ्याची आणि भोंग्याची लाइन वेगळी काढून घ्या.

नववं: घर रिकामं असतं त्या संध्याकाळी

तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू. डिसेंबरात हजीऱ्याला तानसेन समारोह, मग मेळा. १९०५ पासून भरणारा हा मेळा बघायला अख्खी कुटुंबं चार-पाच तास बाहेर असतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू: रोज कोणाकडे तरी बायका अंगभर दागिने घालून, घरी परकर-पोलक्यातल्या मुलीला बसवून, चार घरं फिरून येतात. हे सगळं चोरालाही पाठ असतं.

दागिने लॉकरमधून काढले की परत ठेवायची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा. "अजून दोन लग्नं आहेत" म्हणत ते मार्चपर्यंत गोदरेजच्या कपाटात राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ जानेवारी २०२२ पासून, चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेवर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत जबाबदारी येते. लॉकर म्हणजे विमा नव्हे, पण कपाटापेक्षा शंभरदा बरा. विम्याचं म्हणाल तर 'भारत गृह रक्षा' या घराच्या ठरावीक पॉलिसीत साधी घरफोडी धरलेली नसते. आग, पूर असं काही घडल्यामागोमाग सात दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात. घरफोडीचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं. एजंटला हे सरळ विचारा.

बाहेरून लोंबणारं मोठं कुलूप म्हणजे "आम्ही नाही" अशी पाटी. दारातच बसवलेलं आतलं कुलूप असेल तर बाहेरून काही कळत नाही. परगावी जात असाल तर शेजारच्या काकूंना किल्ली नको असेल तर देऊ नका, पण एवढं सांगा: दुधाची पिशवी उचला, पेपर आत सरकवा, रोज वेगळ्या वेळी जिन्यातला दिवा लावा. त्यांच्या वेळी तुम्ही हेच करा. धुक्यात झेलम किंवा पंजाब मेल किती तास उशिरा येईल याचा भरवसा नाही, म्हणून शेजाऱ्याला परतीचा दिवस सांगताना एक दिवस जास्तच सांगा. प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका.

सकाळी गाडी गरम करायला सुरू करून, किल्ली लावलेली ठेवून, चहा प्यायला आत जाऊ नका. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांना अर्ध्या मिनिटाहून जास्त लागत नाही, आणि चोराला त्याहून कमी.

दहावं: घडलंच तर

दार उघडं दिसलं तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो, आणि घाबरलेला माणूस पहार फेकून मारतो. बाहेरूनच शेजाऱ्यांना हाका मारा, ११२ लावा. पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नका. तुटलेलं कुलूप, पडलेले स्क्रू, चिखलाचे ठसे सगळं तसंच. मोबाइलवर फोटो काढा.

तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे आहे. ऑनलाइन कळवलंत तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. यादी देताना "काही दागिने" असं मोघम नको. म्हणून आजच, हा लेख संपला की, दागिन्यांचे फोटो काढा, पावत्यांचे काढा, टीव्ही-लॅपटॉपचे नंबर टिपा आणि ते सगळं पुण्याच्या किंवा इंदूरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. चोरलेल्या फोनमध्ये ठेवलेली यादी काय कामाची?

डीव्हीआरवरची वेळ आणि खरी वेळ यात फरक असेल तर तो लिहून ठेवा. रेकॉर्डिंग त्याच दिवशी उतरवून घ्या, डिस्क भरली की जुनं पुसलं जातं. कोर्टात ते दाखल करायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याबद्दल विचारा. चेकबुक, कार्डं गेली असतील तर बँकेला लगेच फोन. आणि त्याच संध्याकाळी तोडलेली जागा बंद करा, नुसत्या फळीने का होईना. चोर तीच वाट आठवडाभरात पुन्हा धरू शकतो, कारण ती आता त्याच्या ओळखीची असते.

माझ्या दुकानातल्या त्या एग्झॉस्टच्या भोकात आता बारा मिलिमीटरच्या सळया आहेत. फॅन फिरतो, हवा जाते. बसवायला वेल्डिंगवाल्याला पाऊण तास लागला.